व्हिडिओ 1080 बाय 607 ला एक्सपोर्टच होत नाही. माप कसं ठरवायचं, आणि काळ्या पट्ट्या न येता फुल स्क्रीन कसं करायचं?

607 विषम आहे, एवढंच कारण. एच.264 (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) च्या 4:2:0 या नेहमीच्या रंगमांडणीत दोन बाय दोन पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद असते. शेवटची ओळ एकटी उरली की एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबणारा प्रोग्राम, हात वर करतो. 608 टाका, जाईल. एफएफएमपेग (कमांड लिहून चालवायचं व्हिडिओ सॉफ्टवेअर) वापरत असाल तर स्केलमध्ये उंचीला -1 च्या जागी -2 लिहा, सम आकडा तोच काढतो. मापाला 16 ने भाग गेलाच पाहिजे असं छातीठोक सांगणारे भेटतील. अहो, 1080 लाच जात नाही! एन्कोडर आतल्या आत 1088 धरतो आणि जादाच्या 8 ओळी दाखवू नका अशी खूण करून ठेवतो.

पण ‘काळ्या पट्ट्या न येता’ वाचलं आणि माझं डोकं फिरलं.

मी लग्नाच्या शूटिंगवाल्या एका स्टुडिओत एडिटिंगला होतो. एका जोडप्याच्या लग्नाला 25 वर्षं झाली म्हणून मुलांनी जुनी व्हीएचएस कॅसेट आणून दिली. कॅप्चर आलं 720 बाय 576. पालच्या (आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या) या फ्रेमचे पिक्सेल चौरस नसतात, त्यामुळे आकड्यांवर जायचं नाही, रुंदी-उंचीचं प्रमाण 4:3 धरायचं. आधी डीइंटरलेस (एकाआड एक ओळींच्या अर्ध्या फ्रेमच्या पूर्ण फ्रेम करणं), मग 1440 बाय 1080, दोन्ही कडांना 240-240 पिक्सेल काळे. मी तसंच लावलं होतं. शेठ म्हणाले, “गिऱ्हाईक अख्ख्या पडद्याचे पैसे देतंय, आणि तू कडेला काळं फासतोस?” स्वतः माउस घेतला आणि 1920 पर्यंत ताणलं. म्हणजे रुंदी एक तृतीयांशाने जास्त.

हॉलमध्ये औक्षणाचं ताट लंबगोल दिसत होतं. काकू आधी हसल्या, “अगं बाई, मी तेव्हाच एवढी होते?” मग पडद्यावर त्यांचे वडील आले. मूळचा किडकिडीत माणूस, वारून बरीच वर्षं झालेली. पडद्यावर पैलवान. काकूंची धाकटी बहीण म्हणाली, “हे नाना वाटतच नाहीत.” शेठचं यावर उत्तर काय, तर प्रोजेक्टर खराब आहे.

तेव्हा पट्ट्या राहू द्या. पट्टीने कुणाचा चेहरा बिघडत नाही. मोबाइलसाठी उभा करताय ना? टाइमलाइन 1080 बाय 1920 घ्या, मधे तुमचा 608, वर-खाली 656-656 मोकळे. तिथे नाव-तारीख टाका हवं तर. तोच व्हिडिओ धूसर करून मागे लावायची फॅशन मला बघवत नाही, पण ताणण्यापेक्षा बरी. कापायचं असेल तर कापा, फक्त कडेला उभ्या माणसांची अर्धी तोंडं जातील.

हो, आणि 607 चं 608 केलं की तेही ताणणंच झालं, असं कुणी म्हणेल. 16:9 ने 1080 ला नेमकी उंची 607.5 येते, म्हणजे अर्ध्या पिक्सेलचा फरक आहे, कुणाला दिसत नाही.

एलईडी वॉलला मात्र यातलं काही लावू नका. तिथे कॅबिनेटवर, म्हणजे वॉल ज्या तुकड्यांची जोडलेली असते त्यांच्यावर, माप ठरतं: 128 बाय 128 पिक्सेलचे 9 आडवे, 5 उभे असतील तर 1152 बाय 640. ऑपरेटरला आदल्या दिवशी फोन करून आकडा घ्या. “पाठवा हो काहीही, मी बसवतो” म्हणाला, तर तोही ताणणार आहे.