डोह राखायचे, पण कोणाच्या हातून?

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या नदीत मार्चनंतर केवळ तीन-चार डोहांत पाणी उरते. अलीकडे रात्रीच्या वेळी कोणीतरी त्यांत ब्लिचिंग पावडर टाकतो आणि सकाळी बोटभर लांबीची पिल्लेसुद्धा पोटे वर करून तरंगताना दिसतात. मासेमारीवर सरसकट बंदी घालून जेसीबीने डोह खोल करावेत, असे तरुण मंडळाचे म्हणणे आहे. ते योग्य ठरेल का?
— एक वाचक, रायगड जिल्हा

उत्तर : पाण्यात विष कालवून किंवा स्फोटके वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमानेच मनाई केली आहे, त्यामुळे तेवढ्या भागासाठी ग्रामसभेने ठराव करून पोलिसांकडे लेखी तक्रार द्यावी. सरसकट बंदीची गोष्ट मात्र वेगळी आहे. उन्हाळ्यात गळ आणि पाग घेऊन याच डोहांवर येणाऱ्या कातकरी वाडीतील माणसांना बैठकीस बोलावले होते का, याचा आपल्या पत्रात उल्लेख नाही. रात्री नदीवर कोण उतरते हे त्यांच्याइतके गावात कोणालाच ठाऊक नसते, आणि त्यांनाच बाहेर ठेवले तर राखण करणार कोण?

आपल्याच जिल्ह्यात महाड तालुक्यातील वाळण कोंड पाहून यावे. काळ नदीच्या त्या डोहातील महाशीर मासे देवीच्या नावाने राखले गेले आहेत. भाविक त्यांना खाऊ घालतात, पण पकडत नाहीत. तेथे राखीव आहे तो कोंड, संपूर्ण नदी नव्हे. आपणही सर्वांत खोल एक डोह बारमाही राखीव ठेवावा आणि पावसाच्या आरंभी वलगणीचे, म्हणजे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढणारे, मासे धरण्याचे काही दिवस तरी सर्वांनी थांबवावे. राजस्थानातील अलवर जिल्ह्यात जोहड, म्हणजे पावसाचे पाणी अडवणारे मातीचे छोटे बांध, घालून अरवरी नदी वाहती केल्यानंतर शासनाने तिच्यातील मासेमारीचा ठेका दिला, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध करून तो रद्द करवला. पुढे १९९९ मध्ये काठावरच्या सुमारे सत्तर गावांनी ‘अरवरी संसद’ स्थापून उसासारख्या पाणीखाऊ पिकांवरही स्वतःच निर्बंध घातले. नियम वापरणाऱ्यांनीच ठरवले होते, म्हणून ते पाळण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच आली.

जेसीबी मात्र नदीत उतरवू नये. तळाची वाळू आणि गोटे यांच्या फटींत अनेक माशांची अंडी व किडे वाढतात. ते उपसून काठावर टाकलेले ढीग पहिल्या पुरात पुन्हा नदीतच येतात, आणि तळाचा कातळ फोडलाच तर पाणी भेगांतून निसटण्याचीही भीती असते. उत्साहाला काम हवे असेल, तर २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये ग्रामपंचायतीने नेमावयाची जैवविविधता व्यवस्थापन समिती आपल्याकडे कागदावरच आहे की चालू आहे, हे आधी तपासावे. या समितीने ठेवायच्या लोक जैवविविधता नोंदवहीत डोहांची स्थानिक नावे, कोणत्या महिन्यात कोठे किती पाणी असते आणि कोणते मासे मिळतात, हे वाडीतील जाणत्यांना विचारून उतरवावे.

प्रश्न : स्वच्छतेसाठी काठावरची करंज, वाळुंज आणि लव्हाळ्याची बेटे काढून घाट बांधावा का?
— दुसरे एक वाचक

उत्तर : नाही. त्यांच्या मुळांनी काठ धरलेला असतो आणि सावलीमुळे उन्हाळ्यातही डोहाचे पाणी फार तापत नाही. कपडे धुण्यासाठी आणि विसर्जनासाठी गावाने एकच जागा ठरवावी, तीही राखीव डोहाच्या खालच्या अंगाला.