दंडाची पट्टी लाल आली म्हणून मुलीला 14 दिवस दाखल करायलाच हवं का? घरी प्रोटीन पावडर देऊन चालणार नाही का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी 14 महिन्यांची आहे, दंडाचा घेर 11.2 सेंटीमीटर भरला, अंगणवाडीताई पोषण पुनर्वसन केंद्रात न्या म्हणतात आणि सासूबाई म्हणतात, आमच्या घरची मुलं बारीकच असतात, पावडर आणा. पावडर नको. आज रात्री मुलगी झोपली की आधी तिच्या पावलांवर अंगठा दाबून बघा. का ते सांगते, थोडं लांबेल.

मी जव्हारच्या बाजूला एका पाड्यावर 27 वर्षं अंगणवाडी चालवली. वजनकाट्याला मूल टांगायचं आणि वहीत आकडा चढवायचा हे झोपेतही जमेल इतकं केलंय. 2012 च्या पावसाळ्यात एक मुलगी होती. जूनमध्ये 7 किलो 100 ग्रॅम, वृद्धिपत्रकावर पिवळ्या पट्ट्यात. ऑगस्टमध्ये तीच 7 किलो 900. थेट हिरव्यात! आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आमच्याकडे पोरांची वजनं उतरतात, कणगी रिकामी असते आणि हगवण सुरू असते. त्यात ही एकटी वाढली म्हणून मी काय खूश झाले होते. गाल भरलेले, पाय गुबगुबीत. आईला म्हटलं, पोरीनं बाळसं धरलं गं. ती काही बोलली नाही. वळता वळता एवढंच म्हणाली, "हसत नाही ताई ती आता."

ते वाक्य मी सोडून दिलं. वहीत हसण्याचा रकाना नसतो.

पुढच्या आठवड्यात सिस्टर लसीकरणाला आली. मुलीला मांडीवर घेतलं, दोन्ही पावलांवर अंगठे ठेवले, दहापर्यंत मोजलं आणि उचलले. दोन खळगे. मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसे, आणि भरून येईनात. केसही पिंगट झालेले, ओढले तर हातात येत होते. मी ते उन्हानं झालेत समजत होते. म्हणजे जी 800 ग्रॅमची वाढ मी आठवडाभर मिरवत होते ते अंगात साठलेलं पाणी होतं. शाळेत कुपोषणाचे दोन प्रकार, सुकटी म्हणजे अंग वाळणं आणि सुजवटी म्हणजे अंगावर सूज येणं, दोन्ही पाठ केलेले, परीक्षेत मार्कही मिळवलेले. पण डोक्यात कुपोषण म्हटलं की हाडं दिसणारं मूलच बसलेलं. सुजवटीचं इंग्रजी पुस्तकातलं नाव, क्वाशिओरकोर, हे आफ्रिकेतल्या घानाकडच्या गा भाषेतलं. 1930 च्या दशकात सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी ते जगापुढे आणलं. अर्थ साधारण असा, की पाठचं मूल आल्यावर बाजूला पडलेल्या लेकराचा आजार. आमच्या मुलीची आई तेव्हा सातव्या महिन्यात होती. दूध तुटलं होतं, आणि दिवसभर चार वर्षांच्या बहिणीच्या हातून पातळ पेज. पेजेनं पोट भरतं, अंगात काही जात नाही.

तालुक्याला दाखल केलं. तिथं तिला काही पक्वान्नं खाऊ घातली नाहीत, हे तुमच्या पावडरवाल्या सासूबाईंना मुद्दाम सांगा. पहिले काही दिवस एफ-75 नावाचं दुधासारखं पेय, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा उठवून. 100 मिलीला 75 कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम 0.9 ग्रॅम. कमी का? तर इतक्या खंगलेल्या लेकराचं यकृत, मूत्रपिंड आणि हृदय जास्तीचं झेपवू शकत नाही. एकदम भरवलं तर मूल दगावतं. लोह सुद्धा सुरुवातीला देत नाहीत. ताप नसला तरी प्रतिजैविक देतात, कारण अशा मुलाच्या अंगात तापण्याएवढीही ताकद उरलेली नसते. रात्री साखर उतरते, अंग गार पडतं, म्हणून आईनं छातीशी धरून झोपायचं. भूक परत आली की मग एफ-100, तसंच पण जास्त ताकदीचं पेय.

सहाव्या दिवशी काटा 7 किलोवर आला. तिच्या बापानं तिला उचललं आणि सरळ घरी आणलं. "आणली तेव्हा आठ किलोची होती, तुम्ही सातची केली." आता मला सांगा, त्याचं काय चुकलं? सूज उतरली की आधी वजन घटतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही तोवर माहीत नव्हतं. सिस्टरला विचारून भर पावसात मी त्याच्या घरी गेले, मुलीच्या पावलावर त्याचाच अंगठा ठेवायला लावला. खळगा पडला नाही. तेवढ्यात पोरगी त्याच्या ताटातल्या भाकरीवर झेपावली. महिनाभरात पहिल्यांदा ती स्वतःहून काही मागत होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सगळे परत. आता ती आश्रमशाळेत आहे, माझ्यापेक्षा उंच.

पुढच्या मासिक सभेत आमच्या तेव्हाच्या पर्यवेक्षिकाबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आईच निष्काळजी, दुसरं काय." मी गप्प बसले. मानधनाचा प्रश्न होता. पण ते अजून सलतं. सात महिन्यांची गरोदर बाई, पहाटेपासून चिखलात वाकून भात लावते, तिला निष्काळजी म्हणायचं? अहो, वही माझी चुकली, काटा फसला, बाई तुम्ही त्याच वहीवर "छान प्रगती" लिहून सही केलीत. बरोबर एकटी तिची आई होती. आणि दिवाळीनंतर हीच माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात, तिथं त्या मुलांचं वजन कोण घेतं?

असो. तुमचा प्रश्न. सहा महिने ते पाच वर्षं या वयात दंडाचा घेर 11.5 सेंटीमीटरच्या खाली म्हणजे अतितीव्र कुपोषण, सॅम. 11.2 ला घराण्याचा बारीकपणा म्हणत नाहीत. पण सॅमचं प्रत्येक मूल दाखल करावंच लागतं असंही नाही. दोन्ही पावलांवर सूज नाही, जुलाब-ताप-धाप नाही आणि भूक चांगली आहे, तर अंगणवाडीतल्या ग्राम बाल विकास केंद्रात किंवा घरी राहून उपचार होतो. भूक समोर बसवून तपासतात, उपचाराच्या आहारातलं ठराविक मापाचं खायला देऊन. हा आहार म्हणजे शेंगदाण्याच्या लगद्याचं पाकीट, त्यात 92 ग्रॅमला 500 कॅलरी असतात. ते औषध म्हणून मोजून द्यायचं, जेवण म्हणून नाही; घरातल्या मोठ्यांनी चाटायचं तर नाहीच. खात नसेल किंवा सूज असेल, तर मात्र निमूट दाखल करा. आईच्या बुडीत मजुरीची तरतूद असते, विचारून घ्या. घरी येताना पुढच्या तपासण्यांच्या तारखा लिहून आणा, बऱ्याच जणांचं घोडं तिथंच अडतं.

बरी झाल्यावर घरचं काय द्यायचं? घट्ट. चमच्यावरून ओघळणार नाही इतकं. नाचणीची खीर, वरण-भातात चमचाभर तेल, दाण्याचा कूट, अंडं, भाजलेल्या सुक्या मासळीची पूड, दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. बिस्किट बुडवून दिलेलं दूध बंद.

मी डॉक्टर नाही. मुलीची तपासणी डॉक्टरांनीच करायची, उद्याच, कारण असं मूल एका जुलाबात हातचं जातं. पट्टीही दुसऱ्यांदा मोजून घ्या, डाव्या दंडाच्या बरोबर मध्यावर. सैल-घट्ट धरली तर दोन-तीन मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर यातलं खाण्याचं काहीच लागू नाही.

आणि एक विचारायचं राहिलं. अंगणवाडीताई काय म्हणतात, सासूबाई काय म्हणतात, सगळं लिहिलंत. तुम्ही तिच्याजवळ दिवसभर असता. गेल्या महिन्यापेक्षा ती कमी हसते का?