भूजलात मुरलेलं इंधन काढता येतं का? आणि पाणी साफ झालं हे कळतं कसं?

काढता येतं, पण सगळं नाही, आणि लवकर तर नाहीच. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहराला लागून कर्टलँड हवाई तळ आहे. तिथल्या जमिनीखालच्या पाइपांतून वर्षानुवर्षं विमानाचं इंधन झिरपत होतं. उघडकीला आलं १९९९ साली. भूजल सुमारे दीडशे मीटर खोल, तरी इंधन तिथवर पोचलं.

इंधन पाण्यावर तरंगतं. खरी डोकेदुखी त्यातून विरघळणाऱ्या द्रव्यांची. बेंझीन जिवाणू बऱ्यापैकी खातात. पण जुन्या शिसंयुक्त विमान-पेट्रोलातलं इथिलीन डायब्रोमाइड चिवट, पाण्याबरोबर लांब पळतं. पिण्याच्या पाण्यात त्याची अमेरिकी मर्यादा लिटरला फक्त ०.०५ मायक्रोग्रॅम. म्हणून वरच्या कोरड्या मातीतून इंधनाची वाफ ओढून काढली, आणि २०१५ पासून दूषित पाणी उपसून सक्रिय कोळशातून गाळतात.

देखरेखीसाठी वेगवेगळ्या खोलीच्या निरीक्षण विहिरी लागतात. त्यांतून ठरावीक काळाने नमुने घ्यायचे, पाण्याची पातळीही मोजायची. ही पातळी लोक विसरतात! अल्बुकर्कीने २००८ पासून नदीचं पाणी वापरायला घेतलं, उपसा घटला, भूजल वर चढलं आणि तरंगणारं इंधन मातीच्या फटींत, पाण्याखाली अडकलं. विहिरीत तवंग दिसेना, इंधन मात्र तिथेच. त्यामुळे एखाद-दुसऱ्या चाचणीत आकडा उतरला म्हणून पंप बंद करू नये. बंद केलाच, तर पुढेही नमुने घेत राहायचे. आकडे बरेचदा पुन्हा चढतात.