उपासनेला पहिल्यांदा येताना

रविवारी प्रार्थनासमाजात येणार म्हणालीस, फार बरं वाटलं. इथे सगळे मिळून एकाच निराकार देवाची प्रार्थना करतात; मूर्ती नाही, नैवेद्य नाही. पहिल्या दिवशी हात कुठे जोडायचे तेच कळत नाही. माझंही तसंच झालं होतं. तुकोबांचा अभंग सुरू झाला की सूर लागो न लागो, बरोबर म्हण.

उपासनेत थोडा वेळ सगळे गप्प बसतात, त्या मौनात मोठे विचार शोधू नकोस. आठवड्यातली एकच गोष्ट घे. मी एकदा घरकामाच्या मावशींना चारचौघांत वाट्टेल ते बोललो होतो. मौनात त्यांचा पदराला पुसला जाणारा ओला हात डोळ्यांसमोरून हलेना. सोमवारी त्या दारात दिसल्या तशी माफी मागितली. माझी उपासना तिथे पुरी झाली.

कुठलाही ग्रंथ इथे डोळे झाकून प्रमाण मानत नाहीत. प्रवचन पटलं नाही तर नंतर खुशाल विचार. पण नुसत्या चर्चेत रमू नकोस. १८६७ साली मुंबईत निघालेल्या याच समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डला धर्माचा अभ्यास करून आले आणि १९०६ मध्ये परळला अस्पृश्य मुलांसाठी त्यांनी शाळा काढली.

आणि घरी देव्हाऱ्यावरून वाद नको. आईला पूजेची फुलं काढून दे, मग निघ.