पन्नाशीच्या तोंडावर अ‍ॅक्टिंग : आधी राजीनामा की आधी ऑडिशन?

"मॅडम, या वयात अ‍ॅक्टिंगच्या नादी लागणं म्हणजे वेडेपणा आहे का हो?" मानसोपचाराच्या माझ्या कामात हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, शब्द बदलतात, सूर तोच. विचारणारी व्यक्ती साधारण चाळीस ते पंचावन्नमधली, नोकरी बरी, कर्जाचे हप्ते बरेचसे फिटलेले, मुलं हाताशी आलेली, आणि कॉलेजात केलेलं एखादं नाटक डोक्यातून अजून गेलेलं नाही. एक गंमत माझ्या लक्षात आलीये, बायका येतात त्या परवानगी मागितल्यासारख्या येतात आणि पुरुष बऱ्याचदा निर्णय घेऊनच येतात, त्यांना फक्त कुणीतरी "वा" म्हणायला हवं असतं. सगळे नाही, पण बरेच.

आज ज्यांच्याबद्दल लिहितेय ते या दुसऱ्या गटातले. त्यांना विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. वय एकोणपन्नास, मोठ्या कंपनीत परचेसचे हेड, वीसेक वर्षं तिथेच. ओळखीतल्या एका मुलाच्या शॉर्ट फिल्ममध्ये त्यांनी वडिलांचा रोल केला, लोकांना आवडला, दोघं-तिघं म्हणाले की अहो तुम्ही इतकी वर्षं होतात कुठे, आणि झालं, तिथून जे डोक्यात बसलं ते बसलंच. माझ्याकडे आले तेव्हा राजीनाम्याचा ड्राफ्ट मोबाईलमध्ये तयार होता. मी म्हटलं, वाचून दाखवा.

तर ते खुर्चीतून उठले. म्हणजे खरंच उभे राहिले, चष्मा कपाळावर सरकवला, मोबाईल जरा लांब धरला आणि सुरू झाले, पॉझ कुठे घ्यायचा, "ऋणी आहे" म्हणताना आवाज किती खाली आणायचा, सगळं बसवलेलं, आणि शेवटची ओळ तर मोबाईलकडे न बघता थेट माझ्याकडे बघून. हा सीन त्यांनी मनात कितीतरी वेळा केलेला होता हे उघड दिसत होतं. मी म्हटलं, "छान. आता पुढचा सीन सांगा. राजीनामा देऊन झाला, सोमवार उजाडला, सकाळचे दहा वाजलेत, तुम्ही काय करताय?"

ते खाली बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिथपर्यंत गेलोच नाही कधी."

माझ्या मते मेख इथेच आहे, आणि ही फक्त त्यांची गोष्ट नाही. पुष्कळांच्या स्वप्नात राजीनाम्याचा सीन एकदम झकास लिहिलेला असतो आणि त्यानंतर पानं कोरी. आता राजीनामा हा काही अभिनयाचा भाग नाही ना, तो नोकरीचा शेवट आहे, बस. त्यामुळे मी त्यांना सरळ विचारलं की समजा उद्या तुमचा बॉस बदलला, माणूस भला निघाला, कामाचा ताण निम्मा झाला, तर मग अ‍ॅक्टिंग करायचीये का? ते म्हणाले, "करायचीये... पण मग एवढी घाई नसेल." म्हणजे दोन गोष्टी एकात एक गुंतलेल्या होत्या, एक कशापासून तरी सुटायचंय आणि दुसरं कशाकडे तरी जायचंय. पहिल्याचं औषध दुसऱ्यात शोधलं की माणूस ऑफिसच्या कंटाळ्याचे पैसे घरच्या बचतीतून भरतो.

मग नेहमीचे दाखले आलेच. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, १९६९ मध्ये चाळिशी ओलांडल्यावर प्रॅक्टिस सोडून पूर्णवेळ नट झाले. बोमन इराणींनी आधी दुकान सांभाळलं, मग फोटोग्राफी केली, आणि सिनेमात खरा ब्रेक २००३ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. अमरीश पुरी तर कर्मचारी राज्य विमा महामंडळात दोन दशकं नोकरी करत होते. हे सगळं खरंय, मी कुठे नाही म्हणतेय, पण मी म्हटलं आता याच तिघांचं आधीचं बघा की. लागू डॉक्टरकी करता करता वर्षानुवर्षं नाटक करत होते, इराणी सिनेमाच्या कितीतरी आधीपासून रंगभूमीवर होते, पुरी ऑफिस सुटलं की तालमीला जायचे. उडी सगळ्यांना दिसते, उडीच्या आधीची वर्षं कुणी शेअर करत नाही. आणि माझ्याच पेशातले डॉ. मोहन आगाशे, ते मानसोपचार शिकवत राहिले आणि नाटक-सिनेमाही करत राहिले, त्यांचा दाखला मात्र मला अजून एकाही क्लायंटने दिलेला नाही, कारण त्यात धडाकेबाज राजीनामा नाहीये!

मी विचारलं, मागच्या सहा महिन्यांत अभिनयासाठी तुम्ही काय केलंत? उत्तर आलं, नटांच्या मुलाखती बघितल्या. एकही ऑडिशन नाही, एकही वर्कशॉप नाही, स्वतःचा साधा इंट्रो व्हिडिओसुद्धा नाही, तो अर्धा मिनिटाचा असतो हो, नाव, वय, उंची, एकदा डावी बाजू, एकदा उजवी बाजू, संपलं. एरवी परचेसमध्ये सॅम्पल तपासल्याशिवाय हा माणूस ऑर्डर काढत नसणार. हे मी बोलले आणि ते पहिल्यांदा मोकळे हसले.

पण त्यांच्या बाजूनेही एक मुद्दा होता आणि तो मी उडवून लावणार नाही. ते म्हणाले, उद्या म्हातारपणी वाटायला नको की केलंच नाही. मानसशास्त्रात यावर चांगलं काम झालंय, थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की नजीकच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टींचा पस्तावा जास्त टोचतो, पण आयुष्याकडे लांबून मागे बघताना न केलेल्या गोष्टी जास्त सलतात. म्हणजे त्यांची भीती खोटी नाही. फक्त "काहीतरी करणं" आणि "सगळं सोडणं" यात फार मोठी जागा रिकामी आहे आणि तिथे काय काय करता येतं ते बघायच्या आधीच लोक घाबरून मागे तरी फिरतात नाहीतर डोळे मिटून उडी तरी मारतात. अमेरिकेत जोसेफ रॅफी आणि जी फेंग या दोघांचा २०१४ चा एक अभ्यास आहे, नोकरी सांभाळून धंदा सुरू करणाऱ्यांचा धंदा बंद पडण्याची शक्यता थेट नोकरी सोडून उतरणाऱ्यांपेक्षा साधारण ३३ टक्क्यांनी कमी निघाली. अभ्यास उद्योजकांवरचा आहे, नटांवरचा नाही, त्यामुळे तो जसाच्या तसा लावू नका. पण ज्याचं घर चालू आहे त्याला थांबायला वेळ मिळतो, आणि या क्षेत्रात थांबणं फार असतं.

दुसऱ्या भेटीला मी मिसेसना घेऊन यायला सांगितलं. ते जरा टाळाटाळ करत होते, "तिचा विरोधच असणार" म्हणे. आल्या त्या. शांत बाई, आधी बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मॅडम, यांनी नाटक करावं, सिनेमा करावा, मला काहीच अडचण नाही. पण राजीनामा लिहिलाय हे मला लेकीकडून कळलं. लेकीला यांचा मोबाईल हाताळताना दिसला. पूर्वी एकदा मित्राच्या धंद्यात पैसे घातले होते ते पण मला बुडाल्यावरच कळलं." ते म्हणाले, "अगं तुला टेन्शन नको म्हणून..." आणि त्या म्हणाल्या, "टेन्शन तुम्ही सांगितलं नाही म्हणून येतं हो."

मी इतक्या वर्षांत बघितलेल्या केसेसमध्ये घरच्यांचा विरोध कलेला असतो असं फार क्वचित दिसलं. विरोध असतो तो गृहीत धरलं जाण्याला. रिस्क एकटा माणूस घेतच नाही, घरातला दुसरा माणूसही तीच रिस्क घेत असतो, फक्त टाळ्या त्याला मिळत नाहीत. त्या दिवशी आम्ही अभिनयावर बोललोच नाही, कागद घेऊन बसलो. कुठल्या पैशाला काही झालं तरी हात लावायचा नाही (लेकीचं शिक्षण, म्हातारपणाची पुंजी), नोकरी गेल्यावर कंपनीचा मेडिकल इन्शुरन्स जाईल त्याचं काय, महिन्याला घर किती कमीत चालेल, आणि मुख्य म्हणजे थांबायचं कधी. ही थांबायची रेघ आधी, डोकं थंड असताना, दोघांनी मिळून मारायची, कारण तीन ऑडिशन चांगल्या गेल्यावर किंवा तिन्ही पडल्यावर कुणालाच नीट रेघ मारता येत नाही. आणि कामाचे पैसे काम झालं की लगेच मिळतात हेही डोक्यातून काढावं लागलं, मालिकांच्या दुनियेत पेमेंट तीन-तीन महिन्यांनी येणं नवीन नाही. हां, आणि कुणी ऑडिशनसाठी, रजिस्ट्रेशनसाठी किंवा "रोल पक्का करायला" पैसे मागितले तर तिथूनच परत फिरायचं. काम करणाऱ्याला पैसे मिळतात, तो पैसे देत नसतो. उशिरा आलेल्या लोकांना हे भामटे बरोबर हेरतात, कारण यांच्या हातात पैसा असतो आणि वेळ कमी आहे ही धास्तीही असते.

पाठांतराची पण एक भीती होती, ती बऱ्याच जणांना असते, की आता लक्षात राहील का. हेल्गा आणि टोनी नॉइस, ती मानसशास्त्रज्ञ आणि तो रंगकर्मी, या जोडप्याने नटांच्या स्मरणशक्तीवर वर्षानुवर्षं संशोधन केलंय. नट ओळी नुसत्या घोकत नाहीत, हे पात्र हे वाक्य आत्ता का बोलतंय, समोरच्याकडून त्याला काय हवंय, हे शोधत जातात आणि ओळी मागोमाग येतात. त्यांनी वयस्कर लोकांना महिनाभर अभिनयाचं शिक्षण दिलं तेव्हा त्यांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्यांचे निकाल सुधारले. आमच्या साहेबांना हे इतकं पटलं की घोकंपट्टी सोडून ते मिसेसना समोर बसवून सीन वाचायला लागले. मिसेसचं मत, "फार ओढून बोलतात हे." तेच मत पुढे वर्कशॉपमधल्या सरांनीही दिलं.

तर ठरलं असं की राजीनामा एक वर्ष बाजूला, शनिवार-रविवार वर्कशॉप, आठवड्याला एक तरी सेल्फ-टेप (स्वतःच शूट केलेली ऑडिशन) पाठवायचीच, रजा शूटिंगसाठी राखून ठेवायच्या. पहिले काही महिने वाईट गेले. नकार येत नाहीत हो तिथे, नुसतं उत्तरच येत नाही, आणि दिवसभर ज्याच्या एका सहीसाठी लोक थांबतात त्याला हे फार लागतं. एकदा सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या असिस्टंट डायरेक्टरने सगळ्यांसमोर "काका, लाइट अडवताय, सरका" असं म्हटलं, त्यावर आमचं एक अख्खं सेशन गेलं. हसू नका, ही खरी किंमत आहे. पैशाचं गणित लोक मांडतात, पण पन्नाशीत पुन्हा नवशिका व्हायचं, आपल्या निम्म्या वयाच्या पोरांकडून चुका ऐकून घ्यायच्या, याचं गणित कुणी मांडत नाही. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी हौशी नाटक जरूर करावं, मनापासून करावं, धंदा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग एक छोटं काम आलं, डॉक्टरचा रोल, दोन वाक्यं. या वयाला मिळतात ते रोल असेच, डॉक्टर, जज, मुलीचे वडील, पोलिस अधिकारी. (बायकांना तर चाळिशीनंतर आई नाहीतर सासू, तिथे जागा अजूनच कमी, ते वेगळं दुखणं आहे.) सकाळी सातचा कॉल टाइम होता, मेकअप करून, पांढरा कोट घालून दिवसभर बसून राहिले, बसायला खुर्ची पण नव्हती म्हणे, लाइटच्या सामानाच्या पेटीवर बसले, त्यांचा शॉट लागला संध्याकाळी साडेसहाला आणि दहा मिनिटांत संपला. पुढच्या सेशनला हे सगळं सांगत होते तेव्हा मी त्यांचा चेहरा बघत होते, कारण मला हेच हवं होतं, राजीनाम्याच्या सीनचं ग्लॅमर नसलेला दिवस. मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाले, "वैताग आला हो नुसता. पण घरी जाताना वाटत होतं, उद्या परत बोलावतील का?"

बास, एवढं ऐकल्यावर मला त्यांच्या इच्छेबद्दल शंका राहिली नाही. वर्ष संपल्यावर त्यांनी कंपनीशी बोलून हेडची पोस्ट सोडली आणि सल्लागार म्हणून आठवड्याचे तीन दिवस घेतले, पगार निम्म्याच्या आसपास आला, ते घरात आधीच ठरलेलं होतं. कंपनी हो म्हणेल असं त्यांना वाटलं नव्हतं, बहुतेकांना वाटत नाही, म्हणून विचारतच नाहीत. सगळ्याच कंपन्या हो म्हणतील असंही नाही, पण विचारायला काय जातं.

आता ते एकावन्नचे आहेत. स्टार वगैरे झालेले नाहीत, दोन-तीन जाहिराती, एका मालिकेत काही भाग, आणि एका प्रायोगिक नाटकात मात्र चांगला मोठा रोल. मधेच महिनाभर फोन वाजत नाही. सध्या त्यांचं म्हणणं आहे की उरलेले तीन दिवसही सोडून द्यावेत, नाटकाचे दौरे चुकतात, आणि मिसेस म्हणतात लेकीचं शेवटचं वर्ष संपेपर्यंत थांबा. यावेळी हे मला दोघांनी मिळून, एकाच फोनवर, एकमेकांचं बोलणं तोडत सांगितलं. पुढच्या आठवड्यात येतायत, कागद घेऊन बसायचंय परत.