लाकडी जमीन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रोज पाण्यात थोडं व्हिनेगर घालून जमीन पुसतो. तरीही चमक उतरत चालली आहे. असं का?

उत्तर : व्हिनेगरमुळेच. ते आम्लधर्मी असल्याने वरचं पॉलिश हळूहळू निस्तेज होतं. शिवाय रोज ओलं पुसायची गरजच नाही. चरे पडतात ते पायांबरोबर आलेल्या बारीक रेतीमुळे, म्हणून रोज काढायची ती रेती. मऊ केसांचा झाडू किंवा कोरडा मायक्रोफायबर मॉप पुरतो. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याचा फिरता ब्रश बंद ठेवा. आठवड्यातून एकदा लाकडी जमिनीसाठीचा क्लीनर आणि घट्ट पिळलेला मॉप. पुसलेली जागा मिनिटभरात सुकली नाही तर पाणी जास्त झालं. स्टीम मॉपच्या खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, तो लाकडापासून लांबच ठेवा.

प्रश्न : गेलेली चमक आणायला मेण लावावं का?

उत्तर : आधी जमिनीवर काय आहे ते बघा. एका कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर थोडं मिनरल टर्पेंटाइन घेऊन घासा. फडकं पिवळट-तपकिरी झालं तर मेण आहे, आणि तिथे मेणच लावायचं. फडकं स्वच्छ राहिलं आणि वर पारदर्शक थर दिसत असेल तर बहुधा पॉलियुरेथेन (प्लास्टिकसारखा कडक थर देणारं पॉलिश) असतं. त्यावर मेण अजिबात नको: जमीन निसरडी होते आणि पुढे नवा हात दिला तर तो धरत नाही, पापुद्रे निघतात.

पॉलियुरेथेन नुसतंच मंद झालं असेल तर पूर्ण तासण्याची गरज नाही. 150 नंबरच्या जाळीने (पॉलिश पेपरसारखी घासायची जाळी) पृष्ठभाग हलका खरवडायचा, धूळ व्हॅक्यूमने आणि मग ओलसर फडक्याने काढायची, सुकू द्यायचं आणि एक पातळ हात द्यायचा. मात्र हे वेळेत करा. पाण्याचा थेंब टिकून न राहता मुरू लागला, तिथलं लाकूड काळपट दिसू लागलं, की हा उपाय संपला.

प्रश्न : सिंकखालच्या गळतीनंतर फळ्यांच्या कडा उचलल्या आहेत, मध्ये खोलगट झालं आहे. लगेच तासून घ्यावं का?

उत्तर : नाही, आणि घाईघाईने तासून द्यायला कोणी तयार झालं तरी नको. फळीची खालची बाजू वरच्यापेक्षा जास्त ओली आहे, ती फुगल्यामुळे कडा वर आल्या आहेत. आत्ता उचललेल्या कडा तासल्या तर खालचा ओलावा गेल्यावर त्याच कडा खाली बसतील आणि मधला भाग उंचवटा होऊन राहील. मग पुन्हा तासावं लागेल. साधारण 19 मि.मी.च्या भरीव फळीत, शेजारची फळी जिथे अडकते त्या खाचेच्या वर, सुमारे 6 मि.मी. लाकूड असतं, त्यातलं बरंच असं दोनदा तासण्यात वाया जाईल; पातळ व्हिनियरच्या इंजिनिअर्ड फळ्यांत (प्लायसारख्या थरांवर खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेल्या) तर एकदाही परवडेलच असं नाही.

आधी गळती बंद करा. मग पंखा आणि डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) लावा, पण हीटरने भाजून काढू नका. वरून झटपट सुकवलं तर फळ्यांना चिरा जातात. यात कित्येक आठवडे, कधी महिने जातात. मॉइश्चर मीटरने फळ्या आणि त्यांच्या खालचा थर दोन्ही मोजा, आणि तुलनेला पाणी न लागलेल्या खोलीतल्या फळ्याही मोजा. आकडे त्यांच्याजवळ येऊन काही दिवस स्थिर राहिले की मगच निर्णय घ्या. पुष्कळदा बराचसा बाक आपोआप उतरतो आणि तासावं लागतच नाही.

प्रश्न : कोरड्या हवेत फळ्यांमध्ये फटी पडतात. लांबी (पुट्टी) भरू का?

उत्तर : नको. हवा दमट झाली की फळ्या फुगतात आणि भरलेली लांबी चिरडून बाहेर येते. घरातली आर्द्रता 35 ते 55 टक्क्यांच्या दरम्यान ठेवता आली तर फटी मुळातच बारीक राहतील. दमट दिवसांतही न मिटणारी फट मात्र वेगळी: तिथे फळी सुटलेली असू शकते, सुताराला दाखवा.