प्रत्येक तंबाखूला वेगळा पाईप खरंच लागतो का?

तुमच्याकडे दोन ब्रायरचे पाईप, एक मक्याच्या बुरकुंडाचा आणि पाच-सहा प्रकारच्या तंबाखूचे डबे आहेत. कशात काय ओढायचं, की हे सगळं पाईप खपवण्यासाठी काढलेलं खूळ आहे, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या वीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो: निम्मं खूळ आहे, निम्मं अगदी खरं.

खरं आहे ते वासाचं. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी वाढणारी गाठ. हे लाकूड ओल शोषतं आणि ओलीबरोबर वासही. हिंगाच्या डब्यात वेलची ठेवून बघा, तसंच होतं. मी एका हिवाळ्यात माझ्या सगळ्यात आवडत्या पाईपमध्ये रोज लताकियाचं मिश्रण ओढलं. लताकिया म्हणजे धुरावर सुकवलेली पानं. नाव सीरियातल्या बंदराचं, पण आता ती बहुतेक सायप्रसमधून येते. वसंतात त्याच पाईपमध्ये साधी व्हर्जिनिया तंबाखू भरली, तर पहिल्या झुरक्यापासून चुलीजवळ बसल्यासारखं वाटायला लागलं. व्हर्जिनियाचा गवतासारखा गोडवा कुठेच लागेना. शेवटी बाऊलमध्ये, म्हणजे पाईपच्या तंबाखू भरायच्या वाटीत, कापूस कोंबला, त्यावर कडक दारूचे थेंब सोडले आणि रात्रभर ठेवलं. सकाळी तो कापूस चहाच्या चोथ्यासारखा काळपट निघाला. असं तीनदा केलं, मग पाईप पुरता सुकेपर्यंत आठवडाभर हात लावला नाही. (ओला असताना पेटवू नका.) तरी थोडा वास राहिलाच.

म्हणून एक ब्रायर फक्त लताकियाला द्या आणि त्यात दुसरं काही भरू नका. दुसरा व्हर्जिनियाला. व्हर्जिनियात पेरीक मिसळलेली असेल तरी तोच चालेल. पेरीक ही अमेरिकेतल्या लुइझियानाची, पिंपात दाबून आंबवलेली तंबाखू. तिचा मिरीसारखा तिखटपणा व्हर्जिनियाला शोभतो. व्हॅनिला-चेरीच्या गोड सुगंधी तंबाखू बुरकुंडाच्या पाईपमध्ये ओढा. त्या ओलसर असतात आणि बुरकुंड ती ओल छान पितं. नवीन डबा चाखायला आणखी एक बुरकुंड घेऊन ठेवा, स्वस्त असतं. इंग्लंडमधल्या केंडलची फुलांच्या अत्तरासारखी तंबाखू कधी मिळाली, तर तिला मात्र मातीचा पाईप बघा. माती वास धरून ठेवत नाही. आपली चिलीमही मातीचीच असते. हाताला चटका बसतो, तेवढं सांभाळा.

बाऊलच्या आकाराबद्दल लोक फार ठामपणे बोलतात, मी तितका ठाम नाही. पण फ्लेक, म्हणजे दाबून कापलेल्या पट्ट्या, मला अरुंद आणि खोल बाऊलमध्येच जमल्या. पट्टी लांबीला दोनदा दुमडायची, नळीसारखी हलकेच आत सरकवायची आणि वरून थोडा चुरा टाकायचा म्हणजे निखारा धरतो. व्हर्जिनियात साखर जास्त, त्यामुळे घाईने ओढली की जीभ भाजते. अरुंद बाऊलमध्ये निखारा लहान राहतो आणि घाई आपोआप कमी होते. लताकियाच्या मिश्रणात तीन-चार जातींची पानं असतात, ती रुंद बाऊलमध्ये एकत्र जळतात आणि चव भरलेली लागते.

या सगळ्याआधी मात्र तंबाखू सुकवा. डब्यातून काढलेली कागदावर पसरून तासभर ठेवा. चिमटीत दाबून सोडल्यावर गोळा राहिला तर अजून ओली आहे. पाईप गुरगुरतो अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांना पाईप बदलायची गरजच नसते.

हे तुम्ही आधीपासून ओढता म्हणून लिहिलं. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतोच. मी स्वतः आठवड्यातून दोनदाच ओढतो आणि दर वर्षी तोंड तपासून घेतो. तुम्हीही घ्या.

दोन ब्रायरपैकी व्हर्जिनियाला कोणता, हे ठरवायला दोन्हींत बोट घालून बघा. जिथे फक्त करंगळी जाते तो व्हर्जिनियाचा, तर्जनी सहज जाते तो लताकियाचा. दोन्ही सारखेच निघाले तर आधी कशात काय ओढलंय ते हुंगून ठरवा.